दारिद्र्यरेषा, रेशनकार्ड आणि गिनी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात गरिबी आणि विषमतेच्या मोजणीवर बरीच पत्रं आली. त्यांतले पाच प्रश्न निवडले आहेत. पत्रं लांब होती, म्हणून प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : आमच्या गावात एका सालदाराची (वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याची) सालदारकी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, एक लाख वीस हजारांवर ठरली. घरात पाच माणसं, शेत नाही, दुसरी कमाई नाही. रेशनकार्डासाठी तहसीलच्या पुरवठा शाखेत गेलो तर तो 'रेषेच्या वर' आहे म्हणतात. ही रेषा आहे तरी किती रुपयांची?
(ग्रामपंचायत सदस्य, पारोळा तालुका)

भाऊ, तुम्ही विचारता ती रेषा वेगळी आणि पुरवठा शाखेत दाखवतात ती वेगळी. दोघींना आपण 'दारिद्र्यरेषा' म्हणतो, तिथूनच घोळ सुरू होतो.

पहिली रेषा अर्थतज्ज्ञांची. तिच्यात कमाई बघत नाहीत, माणशी महिन्याचा खर्च बघतात. १९६२ साली एका कार्यगटाने १९६०-६१ च्या भावांनी ती माणशी वीस रुपये धरली. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी रोजच्या २२५० उष्मांकांचा आधार घेऊन खेड्यासाठी महिना पंधरा आणि शहरासाठी साडेबावीस रुपये असा हिशेब मांडला. १९७९ नंतर खेड्यात २४०० आणि शहरात २१०० उष्मांक असा पाया आला. २००९ मध्ये तेंडुलकर समितीने तो सोडला आणि शिक्षण-औषधपाण्याचा खर्चही रेषेत आणला. त्या पद्धतीने २०११-१२ साठी देशाची रेषा खेड्यात ८१६ आणि शहरात १००० रुपये आली. ग्रामीण महाराष्ट्राची आली ९६७. सरकारने अधिकृतपणे वापरलेली ही शेवटची रेषा. पुढे २०१४ मध्ये रंगराजन समितीने देशासाठी ९७२ आणि १४०७ असे वरचे आकडे सुचवले, पण ते सरकारी वापरात आले नाहीत.

२०११-१२ नंतर ग्राहक किंमत निर्देशांक साधारण दुप्पट झाला आहे. म्हणजे ग्रामीण महाराष्ट्राची ९६७ ची रेषा आजच्या भावात ढोबळमानाने १९३० च्या आसपास येते. तुमच्या सालदाराच्या एक लाख वीस हजारांना बाराने आणि मग पाचाने भागा. माणशी महिना दोन हजार. रेषेच्या सत्तर रुपये वर! अर्थतज्ज्ञाच्या हिशेबात तो गरीब नाही. एका मुलाला चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं की हे सत्तर रुपये कुठे जातील ते सांगायला नको.

दुसरी रेषा पुरवठा शाखेची. ती कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नावर चालते. पिवळ्या कार्डाला १५,००० पर्यंत, केशरीला त्यापुढे एक लाखापर्यंत, एक लाखावर पांढरं. अन्न सुरक्षा कायद्याखालच्या प्राधान्य कुटुंबासाठी (ज्याला कायद्याने धान्य मिळतं) खेड्यात ४४,००० आणि शहरात ५९,०००. आता हेही भागून बघा. पाच माणसांच्या घराला ४४,००० म्हणजे माणशी महिना ७३३ रुपये, तेंडुलकरांच्या २०११-१२ च्या रेषेपेक्षाही खाली. १५,००० म्हणजे माणशी अडीचशे. २०२५-२६ मध्ये राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. घरातल्या एकाच माणसाने १४२ दिवस काम केलं की ४४,००० ची मर्यादा ओलांडली जाते. सालदार कागदावर पांढऱ्या कार्डाचा धनी ठरतो.

आणि तरीही कायद्याने राज्याच्या ग्रामीण लोकसंख्येपैकी ७६.३२ टक्के लोकांना धान्य द्यायचं ठरलेलं आहे. २०११-१२ ची ग्रामीण महाराष्ट्राची गरिबी होती २४.२२ टक्के. मग ७६ टक्के लोक ४४,००० च्या आत बसतात कसे? बसवले जातात. दाखल्यावरचं उत्पन्न मर्यादेच्या जरा आत येतं, हे गावोगावी सगळ्यांना माहीत आहे. आमच्या मते ही मर्यादा म्हणजे गरिबीचं माप नाहीच. धान्य किती लोकांना द्यायचं ते आधी ठरलेलं असतं, आणि मर्यादा फक्त रांग लावते. म्हणून उत्पन्नाच्या दाखल्यांवरून किंवा कार्डांच्या रंगावरून गावात किती गरीब ते कधी मोजू नका.

२००२ च्या 'बीपीएल' यादीचंही तेच झालं. तेरा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, जास्तीत जास्त ५२. जमीन किती, घर कसं, कपडे किती, कर्ज कुणाचं, असे प्रश्न. पण राज्याने किती कुटुंबं दाखवायची त्यावर वरून मर्यादा होती. म्हणून गुणांची रेषा त्या संख्येत बसेल अशी ओढली गेली.

तुमच्या सालदारासाठी करण्यासारखं काम एकच. तालुक्याच्या इष्टांकात (ठरवून दिलेल्या लाभार्थी संख्येत) जागा रिकामी आहे का, ते तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी विचारा. मयत, लग्न होऊन गेलेल्या आणि कायमचं गाव सोडलेल्यांची नावं कमी झाली की जागा होते. ती यादी ग्रामसभेत वाचायला लावा. अर्जाची पोचपावती घ्या, कारण तोंडी नकाराला अपील करता येत नाही.

प्रश्न : नंदुरबार राज्यातला सर्वांत गरीब जिल्हा, असं वर्षानुवर्षं छापून येतं. आता म्हणतात गरिबी झपाट्याने कमी झाली. आमच्या पाड्यावरची माणसं तर दिवाळीनंतर तशीच गुजरातेत ऊसतोडीला जातात. मग कमी काय झालं?
(शिक्षिका, धडगाव)

ताई, हा आकडा बहुआयामी गरिबी निर्देशांकाचा आहे. तो पैसे मोजतच नाही, त्यामुळे ऊसतोड त्याला दिसत नाही.

नीती आयोगाच्या निर्देशांकात बारा निकष आहेत. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांना प्रत्येकी एक तृतीयांश वजन. आरोग्यात पोषणाला १/६, बालमृत्यू आणि मातांची काळजी यांना प्रत्येकी १/१२. शिक्षणात शाळेची वर्षं १/६ आणि मुलांची हजेरी १/६. राहणीमानात सात गोष्टी आहेत : स्वयंपाकाचं इंधन, शौचालय, पाणी, वीज, घर, घरातल्या वस्तू आणि बँकखातं. त्यांना प्रत्येकी १/२१. उणिवांची बेरीज ०.३३३ किंवा जास्त झाली की घरातले सगळे गरीब.

एक घर घेऊन बघू. चूल लाकडावर, जमीन मातीची, शौचालय नाही, पाणी आणायला जाऊन-येऊन अर्ध्या तासाहून जास्त लागतं, आणि एक मूल कुपोषित. चार गुणिले १/२१ म्हणजे ०.१९०. पोषणाचे ०.१६७ मिळवा. ०.३५७. घर गरीब. आता योजनेतून शौचालय बांधून दिलं. बेरीज ०.३१० वर आली आणि घर गरिबीतून बाहेर. मूल कुपोषितच आहे, मजुरी तीच आहे, दिवाळीनंतर मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेऊन निघणंही तेच.

याचा अर्थ आकडा खोटा असा नाही. शौचालय झालं ही खरी गोष्ट आहे आणि बाईमाणसाला ती मोठी आहे. पण वीज, खातं, शौचालय या गोष्टी सरकार दोन-चार वर्षांत पोचवू शकतं. कुपोषण आणि मजुरी तशी हलत नाही. म्हणून निर्देशांक उतरतो तेव्हा कोणत्या निकषामुळे उतरला ते आधी बघा. नंदुरबारमध्ये २०१५-१६ च्या पाहणीत निम्म्याहून जास्त लोक या मापाने गरीब होते. २०१९-२१ च्या पाहणीत ते प्रमाण सुमारे एक तृतीयांशावर आलं. राज्याचं प्रमाण त्याच काळात १४.८० वरून ७.८१ टक्क्यांवर गेलं. म्हणजे जिल्हा सुधारला, पण राज्याच्या तुलनेत जरा आणखी मागे पडला. वर्तमानपत्रात पहिलं वाक्य आलं, दुसरं राहिलं.

गॅसचंही बघा. निकष 'घरात गॅस आहे का' असा नाही, 'मुख्य इंधन कोणतं' असा आहे. सिलेंडर कोपऱ्यात आणि भाकरी चुलीवर असेल तर ती उणीवच धरायला हवी. पाहणी करणाऱ्याने शेगडी बघून खूण केली की आकडा चुकतो.

आणि बंद घरं. पाहणीची फेरी जानेवारीत आली तर अर्ध्या पाड्याला कुलूप असतं. जे घरी सापडतात ते बहुधा नोकरीवाले, म्हातारे किंवा बऱ्यापैकी जमीन असलेले. सगळे भेटायचे असतील तर होळीच्या आठवड्यात जा. सातपुड्यात होळीला माणूस कुठूनही परत येतो.

प्रश्न : देशाचा गिनी निर्देशांक कमी झाला, म्हणजे विषमता कमी झाली, असं वाचलं. पटत नाही. गिनी काढतात कसा?
(निवृत्त बँक कर्मचारी, अमळनेर)

काका, हातानेच काढू. पाच घरं घ्या. महिन्याचं उत्पन्न हजारांत, लहानापासून मोठं : ६, ८, १०, १६, ६०. बेरीज १००, सरासरी २०, पण मधलं घर १० वर. सरासरीइतकं मिळवणारं घर पाचांत एकच. तिथेच अर्धी गोष्ट कळते.

प्रत्येक आकड्याला त्याच्या क्रमांकाने गुणा : ६, १६, ३०, ६४, ३००. बेरीज ४१६. तिची दुप्पट ८३२. तिला घरांची संख्या गुणिले एकूण उत्पन्न, म्हणजे ५०० ने भागा : १.६६४. त्यातून घरांपेक्षा एक जास्त भागिले घरं, म्हणजे सहा पंचमांश, १.२ वजा करा. गिनी आला ०.४६४. शून्य म्हणजे सगळे सारखे, एकच्या जवळ म्हणजे सगळं एकाकडे. मात्र पाचच घरं असतील तर गिनी ०.८ च्या वर जाऊच शकत नाही, हे छोट्या पाहणीत विसरू नका.

आता तीच पाच घरं, पण उत्पन्नाऐवजी खर्च : ६.५, ८, ९.५, १३, २५. पहिलं घर उधारी करून कमाईपेक्षा जास्त खर्चतं. शेवटचं साठातले पस्तीस बाजूला टाकतं. तोच हिशेब केला की गिनी येतो ०.२७१. घरं तीच, गाव तेच, विषमता मात्र कागदावर जवळजवळ निम्मी.

तुम्ही वाचलेला आकडा खर्चाचा आहे. केंद्राच्या घरगुती खर्च पाहणीत ग्रामीण गिनी २०२२-२३ मध्ये ०.२६६ होता, २०२३-२४ मध्ये ०.२३७. शहरी ०.३१४ वरून ०.२८४. हे आकडे दुसऱ्या देशांच्या उत्पन्नाच्या गिनीशेजारी ठेवून 'आपण फार समान आहोत' असं म्हणणं म्हणजे क्विंटलची तुलना मणाशी करणं. विषमतेचा अभ्यास करणाऱ्या वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या संशोधकांनी करभरणा आणि पाहण्या जोडून जो अंदाज काढला, त्यात २०२२-२३ मध्ये देशातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा येतो. त्या अंदाजाच्या पद्धतीवरही वाद आहेत. पण सुटलेला भाग कुठला, ते त्यातून कळतं.

अमळनेरकरांना हे निराळं सांगायला नको. १९४५ मध्ये तुमच्या गावात वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झालेल्या विप्रोचे शेअर ज्यांच्या घरात जुन्या काळापासून पडून आहेत, त्यांच्या घरात पाहणीवाला आला तर काय लिहील? तूर, तेल, दूध, रिक्षाभाडं. बोनस शेअरांनी वाढलेली संपत्ती खर्चाच्या तक्त्यात कुठेच येत नाही, आणि अशी घरं नमुन्यात सापडणंही दुर्मीळ.

आणखी एक. गिनी कमी म्हणजे बरं, असंही नाही. एखाद्या पाड्यावर सगळेच रेषेखाली असतील तर तिथला गिनी फार कमी येईल. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात तो जास्त येईल, कारण तिथे बागायतदार आणि घड वाहणारा मजूर एकाच गावात राहतात. म्हणून गिनीच्या शेजारी गरिबीचा आकडा ठेवल्याशिवाय वाचू नये.

प्रश्न : आम्ही अर्थशास्त्राचे विद्यार्थी. एका गावातल्या ६० घरांची गरिबी मोजायची आहे. प्रश्नावली कशी करावी?
(पदव्युत्तर वर्ग, धुळे)

आधी ६० घरं निवडणं. रस्त्यालगतची, चहा पाजणारी ६० घरं घेतलीत तर पुढचं सगळं वाया. गावातल्या सगळ्या घरांची यादी करा. ती जमिनीप्रमाणे तीन गटांत लावा : भूमिहीन, पाच एकरांपर्यंत, पाचच्या वर. प्रत्येक गटातून त्याच्या संख्येच्या प्रमाणात घरं घ्या. गटात २०० घरं आणि तुम्हाला २० हवीत, तर एक ते दहातला एक आकडा चिठ्ठीने काढा आणि तिथून दर दहावं घर. घर बंद असेल तर शेजारचं घेऊ नका, पुन्हा जा. वस्ती, पाडा आणि गावाबाहेरचे भिल्लवाडे यादीत आलेच पाहिजेत. ग्रामपंचायतीच्या मालमत्तेच्या यादीतून नेमके तेच सुटतात.

घर म्हणजे एक चूल. एकाच वाड्यात तीन भाऊ तीन चुलींवर जेवत असतील तर तीन घरं. रेशनकार्ड एक असलं तरी.

उत्पन्न विचारू नका, खर्च विचारा. शेतकऱ्याचं उत्पन्न कपाशी विकल्यावर एकदा येतं, आणि ते सांगताना तो कर्ज वळतं करून सांगतो की न करता, हे तुम्हाला कळणार नाही. खर्च तीन मुदतींत विचारा. भाजीपाला, फळं, तेल, मसाले, अंडी-मटण, चहा, तंबाखू : गेले सात दिवस. धान्य, डाळी, दूध, इंधन, घरभाडं, प्रवास, फोन : गेले तीस दिवस. कपडे, चपला, शाळेची फी, दवाखान्यात भरती, भांडी, मोटारसायकल : गेलं वर्ष. मग सात दिवसांचा आकडा सातने भागून तीसने गुणा, वर्षाचा बाराने भागा. सगळंच तीस दिवसांवर विचारलं तर माणूस भाजी विसरतो, आणि ज्या घरात त्या महिन्यात गाडी घेतली ते घर अचानक श्रीमंत दिसतं. मुदत बदलली की गरिबीचा आकडा बदलतो. म्हणून वेगवेगळ्या वर्षांच्या सरकारी पाहण्याही सरळ शेजारी ठेवता येत नाहीत.

घरची ज्वारी, घरचं दूध, शेतातून आणलेली मिरची हे फुकट नाही. गावातल्या विक्रीच्या भावाने धरा, धुळ्याच्या किराणा दुकानाच्या भावाने नाही. सालदाराला पैशांबरोबर धान्य मिळत असेल तर तेही. रेशनचं फुकट धान्य धरणार की नाही, ते आधी ठरवा आणि अहवालात लिहा. दोन्ही हिशेब दिलेत तर उत्तम. बी-बियाणं, खत, फवारणी हा शेताचा खर्च घरखर्चात घुसू देऊ नका. साखरपुडा-लग्न वेगळ्या रकान्यात.

मोसम सांभाळा. दिवाळीनंतर वेचणी चालू असताना हातात पैसा असतो. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर तेच घर उधारीवर चालतं. शक्य असेल तर दोनदा जा. एकदाच जाणार असाल तर महिना ठळक छापा.

आकडे आले की फक्त 'किती टक्के गरीब' एवढ्यावर थांबू नका. रेषा २००० ची धरा. एका वस्तीत दहापैकी चार जण १८०० वर, दुसरीत दहापैकी चार जण १००० वर. दोन्हीकडे गरिबी ४० टक्के. आता प्रत्येक गरिबाची तूट भागिले रेषा काढा, बेरीज करून दहाने भागा. पहिल्या वस्तीत ०.०४, दुसरीत ०.२०. पाच पट. हे गरिबीचं अंतर. तुटीचा वर्ग घेतलात तर ०.००४ आणि ०.१०, म्हणजे पंचवीस पट. १९८४ मध्ये फॉस्टर, ग्रीअर आणि थॉर्बेक यांनी मांडलेलं हे माप अतिगरिबांना जास्त वजन देतं. नुसती टक्केवारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला १८०० वाल्याला दोनशे देणं सोयीचं, कारण माणूस लगेच रेषेवर जातो. १००० वाल्याला दोनशे दिले तर आकडा ढिम्म हलत नाही.

प्रश्न : वर्षभर राबूनही घर वर येत नाही, याचं खरं कारण काय?
(शेतकरी, शिंदखेडा)

दादा, एक कारण नाही, पण हिशेब करण्याजोगी दोन-तीन आहेत. २०१८-१९ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये आलं. त्यात पिकाचे ३,७९८ आणि मजुरीचे ४,०६३. म्हणजे शेतकरी म्हणवणाऱ्या घरात सरासरीने मजुरी पिकापेक्षा जास्त आणते. निम्म्या घरांवर कर्ज, सरासरी ७४,१२१ रुपये. कोरडवाहू दोन-तीन एकरांवर पाऊस आणि भाव दोन्ही एकदम साथ देतील तेव्हाच काही उरतं.

पाणी हा खानदेशातला सर्वांत मोठा फरक. तापीकाठच्या खोल गाळाच्या जमिनीत विहिरीवर पाच बाय पाच फुटांनी केळी लावली की एकरी १,७४० च्या आसपास झाडं बसतात. पण रोपं, ठिबक आणि वर्षभराचा मजुरीखर्च आधी घालावा लागतो. ज्याच्याकडे तो पैसा नाही त्याची जमीन चांगली असूनही कपाशीतच राहते. सातपुड्यात उतारावरचं मका-ज्वारीचं एक पीक, त्यानंतर रोजगार नाही. म्हणून स्थलांतर.

तिसरं कारण सावकाराचं व्याज. शेकडा पाच रुपये महिना ऐकायला थोडं वाटतं, वर्षाला साठ टक्के होतं. वीस हजार दवाखान्यासाठी घेतले तर वर्षाला बारा हजार नुसतं व्याज, म्हणजे रोजगार हमीच्या २०२५-२६ च्या दराने ३८ दिवसांची मजुरी. उचल घेऊन गेलेल्या कोयत्याचा (ऊसतोड जोडप्याचा) हंगाम फिटण्यातच जातो, आणि फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावं लागतं. कर्ज असल्यामुळे कपाशी ओली असतानाच खेडा खरेदीवाल्याला (गावात येऊन माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला) द्यावी लागते. महिनाभर घरात ठेवू शकणाऱ्याला जो भाव मिळतो तो याला मिळत नाही.

यातलं व्याज तुमच्या हातात सगळ्यांत लवकर येतं. सोसायटीचं किंवा बँकेचं पीककर्ज वेळेत नवं-जुनं करा. खातं थकलं की पुढचं कर्ज बंद होतं आणि मग सावकाराशिवाय कुणी उरत नाही. घरात बचत गटाची सदस्य असेल तर दवाखान्यासारख्या अडीअडचणीची पहिली मागणी तिथे करा. शेकडा एक-दीड रुपयाने आणि शेकडा पाचने घेतलेल्या वीस हजारांत वर्षाला आठ-नऊ हजारांचा फरक पडतो.